दगडोबाला कुणी विचारलंच नाही

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही. टेबलावर आम्ही एकमेकांना जे म्हणतो तेच इथे वापरतो. कृषी केंद्राचे मालक ते भाऊ. उपकेंद्रातल्या नर्स त्या ताई. वायरमन तो वायरमनच. चौथा पोट्टा, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा, रोज एसटीनं कॉलेजला जाणारा. मी शाळेत शिकवतो म्हणून सगळ्यांचा सर, आणि खेळात डीएम. म्हणजे जग माझं, राक्षस माझे, पाऊसपाणी माझं. चार नायक त्यांचे. ते सांगतात नायक काय करतो, वीस बाजूंचा फासा पडतो, आणि पुढं काय झालं ते मी सांगतो.

खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, २०१४ची पाचवी आवृत्ती. हिचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतात. चारशेच्या आसपास पानं आहेत, त्यातली लागतील तेवढी आम्ही झेरॉक्स करून घेतली. पुढं भाऊंनी हौसेनं तिन्ही जाड पुस्तकं मागवली. बसायची जागाही भाऊंचीच, दुकानामागची खोली. एका बाजूला डीएपीच्या गोण्या, दुसऱ्या बाजूला फवारणीचे पंप, मध्ये आम्ही. दर रविवारी रात्री आठला. जून-जुलैत बंद, कारण पेरणीच्या दिवसांत भाऊंना जेवायला फुरसत नसते.

भाऊंचा नायक दगडोबा, ड्वार्फ जातीचा बुटका, रुंद लढवय्या. ताईंची चंद्रकोर, क्लेरिक म्हणजे देवीची पुजारीण, सगळ्यांच्या जखमा बांधणारी. वायरमनचा जादूगार विजूबाबा. (नाव त्यानंच ठेवलं, आणि अजून स्वतःच हसतो.) पोट्ट्याची पाखरू नावाची हाफलिंग, म्हणजे माणसाच्या कमरेएवढ्या जातीची, तिरंदाज होती. ‘होती’ म्हणतो कारण ती पहिल्याच वर्षी, तिसऱ्या लेव्हलला, लांडग्यांच्या टोळीत सापडून मेली.

हे प्रकरण दगडोबाचं असलं तरी त्याचं मूळ पाखरूच्या मरणात आहे. क्लेरिकला मेलेल्याला उठवायचा पहिला मंत्र, रिवाइव्हिफाय, पाचव्या लेव्हलला मिळतो. ताई तेव्हा तिसऱ्या लेव्हलला होत्या. पोट्ट्यानं विचारलं, “सर, एखाद्या देवळात कोणी उठवून देणारं नसन का?” मी जरा मागं रेललो आणि म्हणालो, “या जगात मेलेला माणूस परत येत नाही.” वाक्य बोलताना मला फार आवडलं. पोट्ट्यानं मुकाट्यानं ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या रविवारी आम्ही खेळात पाखरूची तेरवी घातली. भाऊंनी खरे आलुबोंडे आणले. पोट्ट्यानं शाहीर नावाचा नवा नायक बनवला, बार्ड जातकुळीचा, म्हणजे गाण्यातून जादू करणारा, आणि गाडी पुढं गेली.

दोन लेव्हल वर गेल्यावर ताईंना रिवाइव्हिफाय मिळाला. त्यासाठी ३०० मोहरांचे हिरे लागतात आणि मंत्रात ते जळून जातात. ताईंनी खेळातल्या सराफाकडून शंभर-शंभरचे तीन खडे घेतले. सराफ मीच होतो आणि घासाघीस करून विकले मीच. त्या वेळी ते वाक्य मला आठवलं नाही. ताईंनाही नाही, वायरमनलाही नाही. पोट्ट्याला आठवलं होतं, पण तो बोलला नाही.

घटना

फेब्रुवारीतला रविवार, हरभरा काढणीचे दिवस. नायक नवव्या लेव्हलला आले होते. टेकडीवरच्या राक्षसांनी, हिल जायंटांनी, त्यांचा पाठलाग चालवला होता आणि समोर एका खोल दरीवरचा दोरांचा पूल होता.

नेमका वायरमनचा फोन वाजला. डीपी उडाली होती. रात्रीची थ्री फेज, ओलिताला लोक शेतात उभे, त्याला जावंच लागलं. जाताना पोट्ट्याला म्हणाला, “विजूबाबाले तूच खेळव बे.” पोट्ट्यानं विजूबाबाकडून फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, टाकवला, कारण वायरमन दर वेळी तेच करतो. विजूबाबाकडे त्या दिवशी वॉल ऑफ फोर्सही तयार होता. पुलाच्या तोंडाशी ती न दिसणारी भिंत उभी राहिली असती तर एकही राक्षस पलीकडं आला नसता. हे पोट्ट्याला माहीत नव्हतं. मला होतं, पण खेळाडूच्या हातातली चाल डीएमनं सांगायची नसते असं मी मानतो. अजूनही मानतो, जरा कमी.

बाकीचे पूल ओलांडून गेले. दगडोबा तोंडाशी उभा राहिला. पाच फेऱ्या त्यानं एकट्यानं पूल अडवला. आमच्या खोलीत भाऊ उभे राहून फासा टाकत होते आणि खाली बसायला तयार नव्हते. सहाव्या फेरीत त्याचे प्राणांक शून्यावर आले.

शून्यावर आलेला नायक लगेच मरत नाही. दर फेरीला फासा टाकतो. १० किंवा वर आला तर एक यश, खाली आला तर एक अपयश. तीन यशं झाली तर तगला, तीन अपयशं झाली तर संपला. भाऊंना आधी १४ पडले, मग ७. एकास एक. आणि मग राक्षसाची पाळी आली.

इथला निर्णय माझा होता. राक्षस दगडोबाला ओलांडून पुलावर जाऊ शकत होता. मी त्याला पडलेल्यावर सोटा घालायला लावला. बेशुद्ध माणसावर अगदी जवळून केलेला वार नेमानं जबर लागतो, आणि शून्यावर असताना जबर वार म्हणजे एका फटक्यात दोन अपयशं. तीन पूर्ण. पाठोपाठ पूल तुटला आणि दगडोबा, राक्षस, दोर, फळ्या, सगळं दरीत गेलं.

हिल जायंट हा मठ्ठ आणि भुकेला प्राणी. पडलेला ड्वार्फ मेलाय की जिवंत याचा हिशोब तो करत बसणार नाही. मी त्याच्याकडून सुपारी घेतलेल्या मारेकऱ्याचं काम करून घेतलं. राग वगैरे काही नव्हता. ‘आता काहीतरी मोठं घडलं पाहिजे’ ही हौस होती, आणि डीएमच्या हौसेनं जितके नायक मरतात तितके फाशानं मरत नाहीत.

अडचण

रिवाइव्हिफायसाठी मेल्यापासून एका मिनिटाच्या आत प्रेताला हात लावावा लागतो. एक फेरी सहा सेकंदांची, म्हणजे दहा फेऱ्या. दरी उतरायलाच तास गेला आणि प्रेत दुसऱ्या दिवशी नदीच्या खालच्या अंगाला सापडलं. ताईंच्या झोळीतले तीन खडे झोळीतच राहिले.

पुढचा मंत्र रेझ डेड. आमच्या टेबलावर त्याचं नाव ‘उठवणी’. हा नवव्या लेव्हलच्या क्लेरिकला येतो, म्हणजे ताईंना तो नुकताच मिळाला होता. मेल्याला दहा दिवसांच्या वर झालेले नकोत. मंत्राला एक तास लागतो. ५०० मोहरांचा हिरा लागतो, आणि तो एकच, अख्खा. शंभराचे तीन खडे त्यात चालत नाहीत, पाच असते तरी चालले नसते. मेलेला एका प्राणांकावर उठतो आणि त्याच्या प्रत्येक फाशातून चार वजा होतात. पूर्ण रात्रीच्या प्रत्येक विश्रांतीनं एक-एक उणं कमी होतं, म्हणजे चार झोपा काढल्या की माणूस पूर्ववत.

मोहरा पुरेशा होत्या. हिरा मिळेल ते शहर चार दिवसांच्या वाटेवर. ताईंनी जेंटल रिपोज हा मंत्र काढला. प्रेताच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक तांब्याचं नाणं ठेवायचं, चिमूटभर मीठ घ्यायचं, मग दहा दिवस प्रेत कुजत नाही आणि ते दिवस उठवणीच्या मुदतीत धरले जात नाहीत. मुदतीतून येणारा ताण म्हणून मी जे काही मनात रचलं होतं ते दोन नाण्यांनी निकालात निघालं.

ताई म्हणाल्या, “हे तं आपल्यासारखंच हाय सर. पेशंट इथं, इलाज नागपूरले. ज्याच्या दारात गाडी त्याचा माणूस वाचते.” नागपूर आमच्यापासून दीडशेच्या आसपास किलोमीटर. हलवायचं कुठं, कशानं आणि पैसा कोणाकडून, या तीन प्रश्नांत आमच्याकडं कितीतरी रात्री गेलेल्या आहेत. खोली थोडा वेळ गप्प झाली.

मग पोट्ट्यानं वही उघडली.

“सर, तुमी म्हटलं होतं. ‘या जगात मेलेला माणूस परत येत नाही.’ तारीख हाय इथं.” आवाज चढवला नाही त्यानं. “माझी पाखरू मेली तवा नेम होता. भाऊचा दगडोबा मेला तं हिरा?”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. खोली भाऊंची, पुस्तकं भाऊंची, चहा भाऊंचा, हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या डोक्यात तेच होतं. तेवढ्यात डीपी बसवून वायरमन परत आला. त्याला सगळं सांगितल्यावर त्यानं कपाळावर हात मारला. “अबे, माझ्याजवळ वॉल होती ना! काहून फायरबॉल टाकला?” आता पोट्टाही आरोपीच्या पिंजऱ्यात.

भाऊ काहीच बोलले नाहीत. मी तो त्यांचा मोठेपणा समजलो.

पर्याय

दोन रविवार खेळ बंद ठेवला आणि दुकानातच चहावर बोलत राहिलो.

पुस्तकाप्रमाणे जायचं, हा पहिला आणि सोपा मार्ग. पण मग ५०० मोहरांना अर्थ काय उरतो? नवव्या लेव्हलच्या टोळीसाठी तो किराणा झाला. मरणाची किंमत नुसती पैशात ठेवली की गरीब असताना ती परवडत नाही आणि श्रीमंत झाल्यावर जाणवत नाही. पाखरू पहिल्या अवस्थेत मेली, दगडोबा दुसऱ्या. पोट्ट्याची तक्रार नेमकी इथं होती.

दुसरा मार्ग, माझं जुनं वाक्य पाळायचं आणि दगडोबाला जाळून मोकळं व्हायचं. न्याय्य दिसतं. पण मधल्या काळात मीच हिरे विकले होते. ताईंनी ते खरेदी केले ते मरण परतवता येतं या भरवशावर. एकाला दिलेला शब्द पाळायला दुसऱ्याचा मोडावा लागत होता.

मग जुन्या नियमांकडं वळलो. हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये छापला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलेल्या ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीत उठवणं हा जुगार होता. नायकाची शरीरप्रकृती, म्हणजे कॉन्स्टिट्यूशन, १० असेल तर जगण्याची शक्यता ७५ टक्के, १७ असेल तर ९८. शिवाय दर वेळी प्रकृतीचा एक अंक कायमचा जाणार. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत उठलेल्याची एक अख्खी लेव्हल जात असे. म्हणजे पूर्वी किंमत मेलेल्याच्या अंगातून वसूल होत होती. पाचव्या आवृत्तीत ती चार रात्रींच्या झोपेवर आली. वायरमनला ती टक्केवारी आवडली, फासा टाकायला मिळतो म्हणून. पोट्टा म्हणाला, “म्हणजे तिथंबी धष्टपुष्टालेच सवलत.” पाखरूची प्रकृती १० होती, दगडोबाची १७. त्यावर कोणी काही बोलेना.

एक मार्ग रीइन्कार्नेटचा. झाडपाल्याची जादू करणारा ड्रुइड गाठायचा, १००० मोहरांची तेलं-लेपं घ्यायची, आणि आत्मा नव्या देहात येतो. कोणत्या जातीचा देह, ते शंभराच्या फाशावर. वायरमन म्हणाला, “भाऊ हाफलिंग झाले तं काउंटरमागून दिसनार बी नाई!” सगळे हसले. भाऊही हसले, आणि जरा पुढं सरकून त्यांनी विचारलं, “नवीन अंग मिळालं की कामबी नवीन घेता येते का?” मी म्हणालो, नाही, काम तेच राहतं, लढवय्याचा लढवय्या. ते परत मागं टेकले. एवढ्या दिवसांत त्यांनी आपणहून विचारलेला तो एकच प्रश्न. मी नियम सांगितला आणि पुढच्या मुद्द्याकडं गेलो.

काळ्या शक्तीशी सौदा, जिवाच्या बदल्यात जीव, हा मार्ग कथा म्हणून दणदणीत असतो. तो मी लगेच बाजूला ठेवला. २०१३चा नरबळी आणि जादूटोणाविरोधी कायदा शाळेत मुलांना समजावून सांगणारा माणूस मीच, आणि मागच्या खोलीत मीच बळीचे मंत्र म्हणतोय अशी बातमी दुकानातल्या गिऱ्हाइकानं बाहेर नेली असती. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरून आधीच दोघांनी विचारून झालं होतं.

शेवटी ताईच बोलल्या. “देवापुढं आपन पैसे टाकून मोकळं होतो का? नवस बोलतो ना. आन् नवस बोललेलं दिसत नाई, फेडलेलं दिसते.”

इथं सगळ्यांनाच काहीतरी सापडलं.

काय केलं

नियम आम्ही दोन संध्याकाळींत लिहिला. उठवणीला पुस्तकातला हिरा लागेलच. त्यावर टोळीतल्या तिघांनी दगडोबाच्या कुळदैवतापुढं एकेक नवस बोलायचा, मोठ्यानं, टेबलावर. नवस असा हवा की तो फेडताना बोलणाऱ्याचं काही जाईल. दगडोबाच्या चार उण्यांपैकी एक झोपेनं जाईल. बाकीची तीन एकेका नवसाला बांधलेली. तो फिटला की ते उणं गेलं. खेळातल्या साठ दिवसांत फिटला नाही, किंवा मोडला, तर ते उणं कायमचं.

पोट्ट्याच्या तक्रारीचं उत्तर मी वेगळं दिलं, आणि आधी दिलं. खेळ सुरू व्हायच्या आत सगळ्यांसमोर म्हणालो की ते वाक्य मी विचार न करता बोललो होतो आणि चूक माझी. पुढं तेराव्या लेव्हलला रेझरेक्शन मंत्र येईल. त्याला शंभर वर्षांपर्यंतचं मरण चालतं आणि हजाराचा हिरा लागतो. तुला हवी असेल तर पाखरू परत येऊ शकते, हिरा टोळीच्या पैशातून. पोट्ट्यानं थोडा विचार केला. “नको सर. तिची तेरवी झाली. आता ती आली तं आलुबोंडे परत करा लागतीन.”

चार दिवसांची वाट, शहर, सराफ, ५०० मोहरांचा एकच हिरा. हे मी अर्ध्या तासात उरकलं, त्यात खेळण्यासारखं काही नव्हतं. मग नवस. ताईंची चंद्रकोर म्हणाली, झोळीतले तीनही खडे पहिल्या अनोळखी मेलेल्यावर खर्च करीन, आपल्या माणसासाठी राखणार नाही. वायरमनचा विजूबाबा म्हणाला, आजपासून फायरबॉल टाकणार नाही. टेबलावर हशा आणि टाळ्या. शाहिराच्या तोंडून पोट्टा म्हणाला, पाखरूचं धनुष्य तिच्या गावी, तिच्या आईकडं पोचवीन. ते धनुष्य तोवर शाहीरच वापरत होता आणि टोळीतलं सगळ्यात चांगलं हत्यार तेच होतं.

मंत्राच्या मजकुरात एक ओळ आहे: आत्मा मोकळा असला पाहिजे आणि त्याची परत यायची इच्छा असली पाहिजे. ती मी वाचली. हिरा विकत घेऊन झाला होता. तीन नवस बोलून झाले होते. ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मी चहाचा कप खाली ठेवत विचारलं, “काय भाऊ, दगडोबा येतोय ना?”

“हो ना सर,” भाऊ म्हणाले.

दगडोबा उठला.

काय झालं

नवसांनी खेळ बदलला, हे खरं. धनुष्य पोचवायला गेलेला रविवार आमच्या खेळातला सगळ्यात चांगला रविवार. पाखरूच्या आईचं काम मी करत होतो. तिनं धनुष्य घेतलं, दोरी उतरवली आणि शाहिराला जेवून जा म्हणाली. पोट्टा तिच्याशी अर्धा तास बोलत बसला आणि फासा एकदाही पडला नाही. ताईंचे खडे एका धनगराच्या मुलावर खर्च झाले. त्या मुलाचं नावसुद्धा मी ठरवलं नव्हतं, ऐन वेळी सुचलं ते दिलं.

दोन उणी फिटली, एक झोपेनं गेलं. राहिला फायरबॉल. पेरणीच्या सुटीला दोन-तीन रविवार उरले होते. चिंचोळ्या बोळात सांगाड्यांची झुंड समोर आली, आणि वायरमनच्या तोंडून सवयीनं “फायरबॉल!” निघून गेलं. फासे हातातून सुटले होते. मला ते परत घेऊ देता आले असते. मी घेऊ दिले नाहीत. दगडोबाचं एक उणं कायमचं झालं.

नियम बनवताना जी फट दिसली नव्हती ती इथं उघडी पडली. नवस मोडला विजूबाबानं आणि भोगला दगडोबानं. वायरमन पुढचे दोन रविवार ओशाळून कोपऱ्यात बसला. भाऊ दर फाशाला बेरीज करून शेवटी “उणे एक” म्हणत, एकदाही न चुकता. ते ऐकून वायरमन मान खाली घाली. किंमत बोलणाऱ्याकडूनच वसूल व्हायला हवी होती. विजूबाबाच्या मंत्रांतला एक कायमचा गेला असता तरी चाललं असतं.

पण खरी गोष्ट जूनमध्ये कळली. बियाण्याची गर्दी ओसरल्यावर मी दुकानात गेलो होतो. भाऊ शटर अर्धं ओढून बसले होते. त्यांनी जुनं बिल बुक काढलं आणि उलटं करून माझ्यापुढं सरकवलं. मागच्या कोऱ्या बाजूंवर पेन्सिलीनं एक नायक लिहिलेला. चोर, किडकिडीत, बोलबच्चन, बाजारात खिसे कापणारा. नाव, अंक, आईबापांची गोष्ट, तीन पानं भरून.

“कधी लिहिलं हे?”

“दगडोबा मेला त्या रात्री. झोप नाई आली, म्हटलं चला, आता हा.” थोडं थांबून म्हणाले, “सर, मले तवाच एकट्यात विचारलं असतं ना, तं नाई म्हटलं असतं. पाच फेऱ्या पूल अडवून मेला ना तो. याच्यापेक्षा चांगलं मरन कोनतं? पन तुमी सगळे एवढे लागले होते त्याच्या मागं. ताई रडल्या. मी कसा नाई म्हनू?”

काय वेगळं करता आलं असतं

राक्षसाच्या सोट्याबद्दल वर लिहिलंच आहे. वहीतल्या वाक्याबद्दलही. मरणाचा नियम पहिल्या दिवशी सांगायला हवा. कोणी मेल्यावर सांगितलेला प्रत्येक नियम पक्षपातच वाटतो, मग तो किती का बरोबर असेना. वायरमनच्या गैरहजेरीत त्याच्या तयार मंत्रांचा कागद तरी पोट्ट्याच्या हातात द्यायला हवा होता.

पण मला पुन्हा पुन्हा वाटतं ते त्या एका ओळीबद्दल. आम्ही तीन आठवडे हिऱ्यावर, टक्केवारीवर, न्यायावर भांडलो. ‘आत्म्याची इच्छा असली पाहिजे’ ही अट मंत्रात छापलेली होती, आणि ती आम्ही लग्नातल्या ‘कोणाची हरकत?’सारखी म्हणून टाकली. खरं तर ती पहिली अट. तिचं उत्तर नाही आलं असतं तर बाकीच्या कशाचीच गरज नव्हती.

आणि हे आम्हाला कोणी शिकवायला हवं होतं असंही नाही. गावात दहाव्याला नदीवर पिंड ठेवला की आपण काय करतो? कावळ्याची वाट बघतो. शिवत नाही म्हटल्यावर एकेक जण पुढं होऊन विचारतो. पोरीच्या लग्नाची काळजी आहे का, आम्ही बघू. विहिरीचं काम राहिलं का, पुरं करू. तासनतास विचारतात, उन्हात उभं राहून, मेलेल्याच्या मनात काय राहिलं ते. कावळ्यावर तुमचा विश्वास असो वा नसो, त्या उन्हात सगळं लक्ष मेलेल्याकडं असतं. उठवणीची मुदतही दहाच दिवसांची. माझ्या ते तेव्हा डोक्यातच आलं नाही. आम्ही पिंड ठेवला, कावळ्याकडं पाठ केली आणि हिऱ्याच्या भावावर बोलत बसलो.

विचारायचं ते एकट्यात, टेबलापासून दूर, आणि किमतीचा विषय निघायच्या आधी. भाऊ आमच्यात वयानं मोठे, शब्दाला जपणारे. त्यांच्या गप्प राहण्याचा मी मला सोयीचा अर्थ लावला. रीइन्कार्नेटच्या वेळी ते पुढं सरकले होते, तेव्हा तरी मी थांबून “काहून भाऊ?” एवढं म्हणायला हवं होतं.

दुसऱ्यांदा

भाऊंनी बिल बुकाबद्दल कोणाला सांगू नका म्हटलं, मी सांगितलं नाही. दिवाळीनंतरच्या एका रविवारी दगडोबा पुन्हा पडला, या वेळी एका पडक्या किल्ल्याच्या दरवाजात. तीनही अपयशं फाशानंच झाली. माझ्या राक्षसांनी त्याच्याकडं पाहिलंही नव्हतं.

चंद्रकोर दहा पावलांवर होती. ताईंनी नवे हिरे घेऊन ठेवले होते. “रिवाइव्हिफाय,” त्या म्हणाल्या आणि कागदावरचे ३०० खोडायला पेन उचललं. डीएमच्या पुस्तकात सगळ्याच उठवणींसाठी म्हटलंय की यायची इच्छा नसलेला आत्मा परत आणता येत नाही, आणि कोण बोलावतंय त्याचं नाव त्याला कळतं. मी सगळ्यांना दोन मिनिटं बाहेर चहा घ्यायला पाठवलं. वायरमन कुरकुरत गेला.

“भाऊ, चंद्रकोर बोलावतेय. दगडोबा येतो का?”

“नाई सर.” त्यांनी दगडोबाचा कागद उलटा करून ठेवला आणि गोण्यांच्या मागून बिल बुक काढलं.

बाकीचे आत आले. मी सांगितलं, मंत्र म्हटला गेला, पण दगडोबा आला नाही. ताई भाऊंकडं बघत राहिल्या. मग हातातल्या पेनकडं बघून म्हणाल्या, “मंग माहे हिरे गेले का राहिले?”

मंत्र म्हटला म्हणजे हिरे जळालेच, असं पोट्ट्याचं म्हणणं. आत्मा आलाच नाही तर मंत्र लागूच झाला नाही, मग हिरे कशाचे जळतात, असं वायरमनचं. रात्री साडेअकरापर्यंत यावर भांडण चाललं. भाऊंचा चोर त्या रात्री खेळात उतरलाच नाही. पोट्ट्यानं वहीत तारीख टाकली, प्रश्न लिहिला आणि उत्तरासाठी खाली चार ओळी मोकळ्या सोडल्या.